गाण्याखाली गेलेले तात्या

क्लेमेंट,

तुला पत्र लिहावं लागावं इतका काही तू लांब नाहीस. गिरीज ते निर्मळ रस्ता सपाट आहे, आणि तुझ्या सायकलीला अजून दोन्ही चाकं आहेत. पण हल्ली मी समोरून दिसले की तू सायकल वळवतोस, आणि तुझ्यामागे धावायचं माझं वय राहिलं नाही. फोन केला तर उर्सुला उचलते. "तो वाडीत आहे, टीचर." दिवेलागणीनंतर वाडीत काय करतोस? केळीला गोष्टी सांगतोस?

आपल्या दोघांत एक काम राहिलंय. ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्याकडे येईन. त्याआधी तुझी हकीकत एकदा सरळ लिहून काढते, कारण गावात ती दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत तू सदानंदचे पैसे खाल्लेस, दुसरीत तू बावळट आहेस. दोन्ही खोट्या आहेत. तुला समोर बसवून मात्र सांगता येणार नाही. दर वाक्याला "तसं नव्हतं, टीचर" म्हणशील. तेव्हा जरा बाजूला बस आणि गप्प राहा.

क्लेमेंट तुस्कानो गिरीजचा. बाप केळी आणि पडवळं लावायचा, आई पहाटे टोपली घेऊन बाजार गाठायची. शाळेत हा शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचा. बघणं हा त्याचा एकच गुण. ऐकणं कधी जमलं नाही; नाव घेऊन दोनदा हाक मारली तरी तिसऱ्या हाकेला "ओ" यायची, तीही शेजाऱ्याने कोपर मारल्यावर. थोरला भाऊ बहारीनला होता. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास तो सुट्टीवर आला तेव्हा खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. "माझी पोरं कशी वाढतात ते मला तिकडे बघायला मिळू दे," म्हणून धाकट्याच्या हातात ठेवून गेला. क्लेमेंटने भावाची पोरं एकदा काढली, दोनदा काढली, मग शेजारचं लग्न काढलं, आणि त्यानंतर त्या पोरांना कॅमेरा लांबूनच दिसला.

दोनेक वर्षांत त्याच्याशिवाय आमच्या पट्ट्यात कुणाचा मांडव पडेना. ख्रिस्ती असो की हिंदू, बाप्तिस्मा असो की सत्यनारायण, क्लेमेंट खांद्यावर कॅमेरा घेऊन हजर. पण त्याचं खरं नाव झालं ते मिक्सिंगमुळे. मिक्सिंग म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगायला हवं. समारंभ टिपला की कॅसेटमध्ये जनरेटर, भांडी, रडणारी पोरं, "अरे भात आणा इकडे" असा सगळा गलका यायचा. तो कुणालाच नको असायचा. मग दोन व्हीसीआर शेजारी मांडून चित्र एकातून दुसऱ्यात उतरवायचं, आवाज मुळापासून काढून टाकायचा, आणि त्या जागी गाणी भरायची. माळ पडली की सनई, मुलगी निघाली की रडकं गाणं, पंगत बसली की नाचाचं. नवरा-नवरी बदामात, बदाम गुलाबात, आणि गुलाब गिरक्या घेत कोपऱ्यात. लोक खूश! मूळ कॅसेट पुसून पुढच्या समारंभाला वापरायची. कोरी कॅसेट दर वेळी कुणाला परवडते? सगळेच व्हिडिओवाले तसं करत, आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाही वाटलं नाही. माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं मी स्वतः म्हटली होती. कॅसेटमध्ये माझं तोंड हलतं आणि बासरी वाजते. मीही "छान झालंय" म्हटलं होतं.

दोन हजार पाचपर्यंत कॅसेटी मेल्या. लोकांचे व्हीसीआर भंगारवाल्याकडे गेले आणि कपाटांत लग्नंच्या लग्नं अडकून पडली. क्लेमेंटने कॉम्प्युटर घेतला. तो बाहेरच्या खोलीत आल्ताराच्या, म्हणजे देवाच्या फळीच्या, खाली मांडला आणि दारावर पाटी लावली: जुन्या कॅसेटी डिस्कवर करून मिळतील. काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरात उतरायला तीन तासच घेते, तिला घाई नसते. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या खाऱ्या दमट हवेने फितीवर पांढरी बुरशी धरलेली असायची; ती जुन्या धोतराच्या फडक्याने हलक्या हाताने टिपायची. व्हीसीआरच्या आत मळ बसला की कोरी करकरीत नोट घेऊन घासायची.

"त्याच नोटेचे बोंबील आले असते," उर्सुला आतून म्हणायची. नवरा-बायको घरात त्यांच्या बोलीत बोलतात. ती मला लिहिता येत नाही, म्हणून इथे सरळ करून लिहिते आहे. पण टोमणा कुठल्याही बोलीत कळतो.

अशात एके दिवशी निर्मळहून सावित्री आली. पिशवीत एकच कॅसेट, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली.

सावित्री म्हणजे तात्यांची धाकटी सून. तात्या, म्हणजे शरदचंद्र, निर्मळचे जुने वाडीवाले. थोरला मुलगा सदानंद, धाकटा संग्राम. त्र्याण्णव साली तात्यांची पंचाहत्तरी झाली, तिचा व्हिडिओ क्लेमेंटनेच काढला होता. पुढे तात्या गेले, आणि त्यांच्यामागून संग्रामही गेला, ऐन चाळिशीत. सावित्रीच्या वाट्याला मोगऱ्याचा एक तुकडा राहिला. पोर-बाळ नाही. पहाटे कळ्या खुडायच्या, फुलवाल्याच्या टेंपोत चढवायच्या, त्यावर चालायचं. मोगऱ्याला पाणी मात्र विहिरीचं, आणि विहीर सदानंदच्या हद्दीत. तात्यांनी पंचाहत्तरीला विहिरीच्या कठड्याशी उभं राहून, भरल्या मांडवात सांगितलं होतं की विहीर दोघांची, कुणी कुणाला अडवायचं नाही. कागद केला नाही. आणि आता सदानंदने पंपाच्या खोलीला कुलूप घातलं होतं.

"तात्या असं कधी बोललेच नाहीत," तो म्हणाला.

मांडवातले पाहुणे? निम्मे गेले होते. उरलेल्यांना दोन्ही घरी जेवायला जायचं होतं, त्यामुळे कुणालाच काही आठवेना. मी त्या पंगतीला नव्हते, नाहीतर मला आठवलं असतं.

पण सदानंद एक बोलला. माणूस लोभी, तरी बापाच्या शब्दाला भिणारा. सगळ्यांसमोर म्हणाला, "कॅसेट आहे ना? दाखव. तात्यांच्या तोंडून ऐकलं तर त्याच पावली कुलूप काढतो. नाही ऐकलं, तर मी माझ्या जागेचं काय करायचं ते करायला मोकळा." एक बिल्डर त्याच्या दारात येऊन-जाऊन होता, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं.

क्लेमेंटने कॅसेट लावली. मांडव आला, औक्षण आलं, गुलाबात तात्या आले. मग विहीर. कठड्याशी तात्या उभे, डोक्यावर पांढरी टोपी. एक हात विहिरीकडे, मग एका मुलाकडे, मग दुसऱ्याकडे. तोंड हलतंय. आणि वर चांदण्यातल्या प्रेमाचं गाणं, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत.

सावित्री शांत होती. "गाणं वर आहे हे मला माहीत होतं, क्लेमेंटभाऊ. खाली तात्या असतील. गाणं तेवढं उचला."

"वहिनी, ती काय गोधडी आहे उचलायला?"

"कॉम्प्युटरला सगळं येतं म्हणतात."

क्लेमेंटलाही आतून तसंच वाटत होतं, हे त्याने पुढे मला सांगितलं. माणूस इतक्या मोठ्याने बोलतो, तो आवाज जाईल कुठे? खाली कुठेतरी असणारच. त्याने कॉम्प्युटरातले सगळे खटके सरकवून बघितले. जाड आवाज कमी केला, बारीक आवाज कमी केला. गाणं बारीक झालं, चिरकं झालं, डब्यात बसून कुणी गावं तसं झालं. खाली काही नव्हतं. खाली असायचं ते त्याने स्वतःच्या हाताने बारा वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं.

"हे असलं गाणं भाषणावर घालायचं कुणाच्या डोक्यात आलं?" उर्सुलाने दारातून विचारलं.

सावित्रीने साडीच्या त्या तुकड्याची घडी घातली. मग म्हणाली, "माझ्या. गाण्यांची कॅसेट मीच नेऊन दिली होती. मला फार आवडायचं ते तेव्हा. संग्राम हसले होते मला."

मग ती क्लेमेंटकडे वळली. "पण तुम्ही तर समोर होतात. तुम्ही ऐकलंत."

"मी बघत होतो, वहिनी. ऐकत नव्हतो." त्याने खरं तेच सांगितलं. "तात्यांच्या मागे ऊन होतं. चेहरा काळा येत होता, म्हणून मी सारखा डावीकडे सरकत होतो. टोपीला हळदीचा डाग होता, तो आत्ता डोळ्यांपुढे आहे. शब्द एकही नाही."

"नुसतं म्हणा ना, ऐकलं म्हणून. मी काय खोटं सांगतेय?"

क्लेमेंटने नकाराची मान हलवली. ती गेल्यावर उर्सुला म्हणाली, "म्हणायला काय जात होतं तुझं? बाई खोटं बोलत नाही."

"ती नाही बोलत," क्लेमेंट म्हणाला. "मी बोलेन."

तरी त्याने सदानंदला बोलावलं. चित्र बघून तरी माणूस विरघळेल, अशी वेडी आशा. सदानंद आला, खुर्चीवर मांडी घालून बसला, आणि बाप पडद्यावर आला तसे त्याचे डोळे खरंच भरले. "टोपी बघ. तीच टोपी. घडी माझी आई घालून द्यायची."

"भावजी, हात बघा," सावित्री म्हणाली. "विहिरीकडे हात आहे."

"पंगत तिकडेच मांडली होती. पाहुण्यांनो, जेवून जा म्हणतायत."

"जेवून जा म्हणायला इतका वेळ लागतो?"

"तात्यांना लागायचा. एका वाक्यात कधी बोललाय माझा बाप?"

यावर दोघंही हसली. एकाच घरात पंचवीस वर्षं काढलेली माणसं, हसू एकाच गोष्टीचं येतं. क्लेमेंटने चित्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, पुन्हा मागे नेलं. तात्या बोलत राहिले आणि गाणं वाजत राहिलं. शेवटी सदानंद उठला.

"तोंडावरून काय कुणी काहीही वाचेल. आवाज आण, क्लेमेंट. मी शब्द फिरवत नाही. बिल्डरला मी थांबवून ठेवलाय, तुला आवाज मिळेपर्यंत. पण जन्मभर नाही थांबवणार."

त्या दिवशी संध्याकाळी क्लेमेंटला कॅसेटीच्या शेपट्या आठवल्या.

मूळ कॅसेटी तो पुन्हा वापरायचा, पण पुढचा समारंभ दर वेळी तेवढाच लांब नसायचा. छोटा बाप्तिस्मा अर्ध्या कॅसेटीत संपला, तर उरलेल्या अर्ध्यात आधीचं काहीतरी तसंच राहिलेलं असणार, मिक्सिंग न झालेलं, गलक्यासकट. त्या जुन्या कॅसेटी माळ्यावर खोक्यांत होत्या. त्याने सगळ्या खाली काढल्या आणि बाहेरची कामं बंद केली. लोक दारात येऊन कुरकुरायचे, हा उठायचा नाही. एकेक कॅसेटची बुरशी टिपायची, ती लावायची, समारंभ संपेपर्यंत पळवायची, आणि पुढे काय राहिलंय ते बघायचं. कुठे हळद निघाली, कुठे नुसता आंब्याचा टहाळा, कुठे कधीच्या मेलेल्या माणसांची पंगत अजून जेवत बसलेली. आणि या सगळ्याला आवाज होता. भांड्यांचा, कावळ्यांचा, "अहो वाढा की" चा. ज्याला घाण म्हणून त्याने जन्मभर काढून टाकलं, ते हा आता कान लावून ऐकत होता.

"मध्ये बोलू नको, ऐकू दे," तो म्हणाला तेव्हा उर्सुला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता ऐकायला लागलास? लग्नाला इतकी वर्षं झाली तेव्हा?"

पण दुसऱ्या दिवसापासून तीही शेजारी पाट घेऊन बसली. तात्यांचा आवाज तिलाही ओळखू येत होता; तिच्या बापाकडे केळीचे मुनवे, लागवडीची पिलं, न्यायला यायचे ते.

गावातल्या कॅथरिनच्या नातीच्या बाप्तिस्म्याच्या कॅसेटमध्ये सापडलं. केक कापला, पोर रडली, चित्र संपलं. पडद्यावर राखाडी पाऊस पडला, आणि एकदम ऊन. मांडव. विहीर. जनरेटरची घरघर.

उर्सुलाने क्लेमेंटचा दंड धरला.

भाषण होऊन गेलं होतं. तात्या खुर्चीवर बसून उपरण्याने मान पुसत होते. लोक टाळ्या वाजवून पानांकडे निघाले होते. मग तात्यांनी वर बघितलं, सरळ कॅमेऱ्यात.

"काय रे क्लेमेंट, मी बोललो ते आलं ना त्याच्यात?"

आणि कॅमेऱ्यामागून एक तरणा, खुशीतला आवाज: "आलं, तात्या. सगळं आलं. एक शब्द सुटला नाही."

"बरं झालं. जा, जेवून घे."

पुन्हा राखाडी.

क्लेमेंटने ते किती वेळा लावलं, उर्सुलाला विचारा. तिनेच शेवटी जाऊन बटण बंद केलं. आधीच्या कॅसेटी पुन्हा तपासल्या, पुढच्या तपासल्या. बाकी काही नव्हतं. तात्यांच्या तोंडचे शब्द होते, पण हवे होते ते नव्हते. आणि जे होते त्यात त्याचा स्वतःचा शब्द होता.

सदानंदला त्याने एकट्याला बोलावून ते ऐकवलं. सदानंदने बापाचा आवाज पुन्हा एकदा लावायला सांगितला.

"काय बोलले, ते नाही ना ह्यात?"

"नाही."

"मग झालं तर." त्याने चपला घातल्या. दारातून वळून म्हणाला, "मला ह्याची एक डिस्क करून दे. आवाज चांगला आलाय."

त्याला लांडगा म्हणणं सोपं आहे. मी म्हणते कधीकधी. पण तो कॅसेटसाठी थांबला होता, हेही खरं. आवाज आला असता तर त्याने कुलूप काढलं असतं, यावर सावित्रीसुद्धा विश्वास ठेवते. तिला जास्त त्रास त्याचाच होतो.

आता तू ये परत, क्लेमेंट. पुढचं तुझं-माझं आहे.

तू दोन डिस्क केल्यास. सदानंदची त्याला दिलीस. दुसरीवर काळ्या पेनने "सावित्रीवहिनी" लिहून ती माझ्या ओट्यावर घेऊन आलास. उन्हाचा आला होतास, पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

"टीचर, एवढी तुम्ही द्या तिला. तात्यांचा आवाज आहे. तिला हवा असेल."

"तू का देत नाहीस?"

"ती ऐकेल, आणि मग माझ्याकडे बघेल."

मी म्हटलं, मी काय टपालखातं नाही. तुझा आवाज आहे त्यात, तूच द्यायचीस. मी बरोबर येते, रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की ये. तू हो म्हणालास. आणि आलासही, हे मी नाकारत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, सायकल हातात धरून. दोघं चालत निघालो. वळणावरच गाड्यांचा आवाज यायला लागला. डबर भरलेल्या बिल्डरच्या गाड्या विहिरीकडे मागे-मागे येत होत्या. एकीने फाळका पाडला आणि विहिरीतून असा आवाज आला की तूसुद्धा कानावर हात ठेवलास. पलीकडे मोगऱ्याच्या कडेला सावित्री उभी होती. ओरडत नव्हती, काही नाही. पदराने तोंड झाकून धुळीतून बघत होती.

आपण दोघं तिथेच थांबलो. तू डिस्क माझ्या पिशवीत सरकवलीस. "आज नको, टीचर. पुढच्या रविवारी जाऊ."

ती डिस्क माझ्या फ्रीजवर आहे, वर ताटली पालथी घालून ठेवली आहे. मोगरा त्याच उन्हाळ्यात गेला. सावित्री आता होळीच्या बाजाराकडे दुसऱ्याच्या वाडीत रोजाने कळ्या खुडायला जाते. पहाटे माझ्या फाटकावरून जाते आणि मला हात करते. तिला त्या शेपटीबद्दल काही माहीत नाही, आणि ती विचारत नाही. मलाच कधीकधी वाटतं, जाऊन हातात ठेवावी. पण ठेवून सांगू काय? की तुझ्या सासऱ्याने विचारलं होतं, आणि आम्ही आलं म्हणून सांगितलं होतं? ते तुझं वाक्य आहे. ते मला म्हणता येत नाही.

तुझ्या दारावर आता मोबाईल रिचार्जची पाटी आहे असं ऐकते. डिस्कही खराब होतात म्हणे, आमच्या हवेत तर लवकर. रविवारी मिस्सा सुटली की तुमच्या लोकांच्या सायकली माझ्या दारावरून जातात. मी चपला घालून ओट्यावर बसलेली असते, पिशवी मांडीवर. तुझी सायकल मला लांबून ओळखू येते. वळणापर्यंत येते, आणि वळते.